नैरोबीची नोकरी आणि दिग्व्रताची रेघ

बुलढाणा जिल्ह्याच्या नकाशावर लोहमार्गाची रेघ उत्तरेच्या कडेने जाते. मुंबईहून निघालेला हा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला आणि मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्थानके त्यावर आली. १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत एक छोटी शाखा टाकली गेली, ती मुख्यतः कापसासाठी. खामगावची कापसाची बाजारपेठ त्या काळी इतकी मोठी होती की शाखेच्या उद्घाटनास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. घाटावरच्या बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार या भागात मात्र अद्यापही रेल्वे नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. रूळ गेले की बाजार जातो आणि बाजारामागे माणूस जातो, हे या जिल्ह्याला कोणी शिकवावे लागत नाही.

मारवाडातून वऱ्हाडात आलेली ओसवाल घराणी अशीच बाजारामागे आली आणि मलकापूर, खामगाव, चिखली या गावांत स्थिरावली. कापसाची अडत, किराणा, कापड, खामगावची प्रसिद्ध चांदी यांवर त्यांच्या पिढ्या उभ्या राहिल्या. आज त्याच घरांतील मुले संगणकाचे शिक्षण घेतात. शेगावला १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, चिखलीलाही आहे. पदवी झाली की मुले पुण्याला जातात आणि पुण्यात भरती मंदावली की परदेशातील प्रस्ताव घरात चर्चेला येतात. अमेरिका, जर्मनी, दुबई ही नावे आता घरोघरी परिचित झाली आहेत. ‘नैरोबीत आयटी सपोर्टची नोकरी’ असे शब्द उच्चारले गेले की मात्र बैठकीत क्षणभर शांतता पसरते. वडील पगार विचारतात, आई जेवणाचे विचारते, आजी तिथे आपले कोणी आहे का, असे विचारते. तिन्ही प्रश्न योग्यच आहेत. पण त्यांची उत्तरे देण्यापूर्वी ते गाव समजून घेणे आवश्यक आहे.

नैरोबी हे नावच पाण्यावरून आले आहे. मासाई भाषेत त्या ठिकाणाला थंड पाण्याची जागा म्हणत. तिथे पूर्वी नगर नव्हते, पाणथळ माळ होता. इंग्रजांनी १८९६ मध्ये मोंबासा बंदरातून व्हिक्टोरिया सरोवराकडे लोहमार्ग टाकण्यास आरंभ केला. १८९९ मध्ये रूळ या माळापर्यंत आले, तिथे सामानाचा तळ पडला आणि त्या तळाचे शहर झाले. समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीमुळे विषुववृत्त अगदी जवळ असूनही हवा वर्षभर सौम्य असते. मे महिन्यात मलकापूर-खामगावच्या उन्हात पोळलेल्या माणसाला ही गोष्ट खरी वाटणार नाही. परंतु जुलैच्या सकाळी नैरोबीत स्वेटर लागतो. शहराच्या दक्षिणेकडील मैदानांतली माती काळी, भेगाळणारी, पावसात बुटाला चिकटणारी आहे. तिथले अभियंते तिला ‘ब्लॅक कॉटन सॉइल’ म्हणतात, म्हणजे कापसाची काळी माती. वऱ्हाडच्या शेतकऱ्याने ती मुठीत घेतली तर त्याला ती परकी वाटणार नाही.

त्या लोहमार्गासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेण्यात आले. त्यांतील बहुतेक पंजाबकडचे होते. सुमारे अडीच हजार तिथेच मृत्यू पावले, साडेसहा हजारांहून अधिक तिथेच राहिले आणि उरलेले परतले. रुळांमागोमाग व्यापारी आले. १९२० पर्यंत त्या प्रदेशात रुपयाच चालत होता; शिलिंग नंतर आला. स्वाहिली भाषेत आजही दुकानाला ‘दुका’, पैशाला ‘पेसा’, गाडीला ‘गारी’ आणि विम्याला ‘बिमा’ म्हणतात, तर धनादेशासाठी ‘हुंडी’ हा शब्द आहे. पेढीवर हुंड्या लिहिणाऱ्या घराण्यांचा वंशज हा शब्द नैरोबीच्या बँकेत ऐकेल, तेव्हा आपल्या आधी तिथे कोण येऊन गेले हे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

जैन वाचकांसाठी या इतिहासातील महत्त्वाचा भाग सौराष्ट्राचा आहे. जामनगरच्या आसपासच्या प्रदेशाला हालार म्हणतात. तिथल्या बावन्न गावांत विसा ओशवाल समाज शेती करून राहत असे. १८९९-१९०० चा दुष्काळ, जो गुजरातेत ‘छप्पनियो’ म्हणून आजही स्मरणात आहे, त्या सुमारास या समाजातील पहिले तरुण देशी गलबतांतून मोंबासाकडे निघाले. हिवाळ्यातील ईशान्येचे वारे गलबत तिकडे नेत आणि पावसाळ्यातील नैर्ऋत्येचे वारे परत आणत. जो गेला त्याने कोणाच्या तरी दुकानात हिशेब लिहिला, दुकानामागेच झोपला, दोन पैसे साठवले आणि पुढच्या वर्षी धाकट्या भावाला बोलावले. डबासंग गावात १९०४ साली जन्मलेले मेघजी पेथराज शाह १९१९ मध्ये, ऐन पंधराव्या वर्षी, केनियात गेले. पुढे त्यांनी मोठा उद्योग उभारला आणि नंतर आपली संपत्ती रुग्णालये, शाळा व ग्रंथालये यांसाठी दिली. नैरोबीतील एका मोठ्या रुग्णालयास आणि जामनगरच्या वैद्यकीय महाविद्यालयास आज त्यांचे नाव आहे.

मोंबासा येथे १९६३ मध्ये, म्हणजे केनिया स्वतंत्र झाला त्याच वर्षी, शिखरबद्ध जिनालयाची प्रतिष्ठा झाली. नैरोबीच्या पार्कलँड्स भागातही जिनालय आहे आणि शेजारी ओशवाल समाजाचे केंद्र आहे. हालारचे ओशवाल आणि मारवाडातून वऱ्हाडात आलेले ओसवाल यांची भाषा, रोटी-बेटी व्यवहार आणि चालीरीती आज वेगळ्या आहेत. पण दोघेही आपले मूळ राजस्थानातील ओसियां या एकाच गावाशी जोडतात. आजीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे सापडते. नैरोबीत नवकार मंत्र ऐकू येईल, पर्युषणात प्रतिक्रमण होईल, संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणणारे भेटतील.

उरलेले अर्धे उत्तर मात्र सावधपणे द्यावे लागते. तिथले ओशवाल हे तिसऱ्या-चौथ्या पिढीचे केनियावासी आहेत. २०१७ मध्ये केनिया सरकारने भारतीय वंशाच्या नागरिकांना देशातील ४४ वा समाज म्हणून मान्यता दिली. खामगावहून जाणारा तरुण त्यांच्यापैकी नसतो. तो परवान्यावर काम करणारा परदेशी असतो. मंदिरात त्याचे स्वागत होईल, आजारपणात कोणी धावूनही येईल. परंतु समान धर्म हा नोकरीचा हक्क नव्हे आणि पगाराची हमीही नव्हे. शिवाय त्यांच्या घरांत गुजराती बोलली जाते. शहरात महाराष्ट्र मंडळ आहे, त्यामुळे गणेशोत्सवात मराठी कानावर पडेल. एरवी कार्यालयात इंग्रजी आणि रस्त्यावर स्वाहिली यांवाचून चालणार नाही.

आता त्या नोकरीविषयी. गेल्या पंधरा-वीस वर्षांत नैरोबीचे रूप पालटले आहे. मार्च २००७ मध्ये तिथल्या दूरध्वनी कंपनीने ‘एम-पेसा’ ही सेवा सुरू केली. बँकेत खाते नसलेला माणूसही साध्या मोबाइलवरून पैसे पाठवू लागला. भारतात यूपीआय २०१६ मध्ये आले, हे लक्षात घेतले म्हणजे या गोष्टीचे महत्त्व कळते. २००९ मध्ये समुद्राखालून फायबरच्या तारा मोंबासाला पोहोचल्या आणि उपग्रहावर अवलंबून असलेले महागडे, मंद इंटरनेट मागे पडले. मोठ्या जागतिक कंपन्यांनी तिथे विकास केंद्रे उघडली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे मुख्यालय नैरोबीतच आहे. शहरापासून सुमारे ६० किलोमीटरवर कोंझा या ठिकाणी नवे तंत्रज्ञाननगर उभारण्याचे काम २०१३ मध्ये सुरू झाले. बँका, विमा कंपन्या, गोदामे, रुग्णालये, चहा आणि फुलांची निर्यात करणारे व्यापारी या सर्वांचे कामकाज संगणकावर चालते आणि अनेकांच्या शाखा कंपाला, किगाली, दार-ए-सलाम येथेही आहेत.

या सर्व यंत्रणा चालू ठेवणे म्हणजे आयटी सपोर्ट. सर्व्हर बंद पडला, शाखेचे नेटवर्क तुटले, दुकानातील बिलाचे यंत्र अडकले, एखादा व्यवस्थापक आपला पासवर्ड विसरला, की हेल्पडेस्कवर तक्रार नोंदवली जाते आणि ठरावीक वेळेत ती सोडवावी लागते. वीज गेल्यावर बॅटरीवरचा भार किती वेळ टिकेल, रात्रीचा बॅकअप नीट झाला की नाही, हेही याच मुलाने पाहायचे असते. त्यात चमक नाही. परंतु पाच-सहा शाखांचे नेटवर्क दोन वर्षे एकट्याने सांभाळणाऱ्याला जे ज्ञान मिळते, ते मोठ्या कंपनीच्या एका कोपऱ्यात बसून मिळत नाही. अनुभवाच्या दृष्टीने हा प्रस्ताव हलका समजू नये.

मग पहिला प्रश्न असा की केनियातच हजारो मुले दरवर्षी संगणकाची पदवी घेऊन बाहेर पडतात आणि त्यांतील अनेकांना काम मिळत नाही. तरीही मालक बुलढाण्याहून माणूस का बोलावतो? याचे प्रामाणिक उत्तर असू शकते. एखादी विशिष्ट लेखाप्रणाली भारतात तयार झालेली असते आणि ती जाणणारा माणूस तिथे दुर्मीळ असतो. किंवा भारतातील कंपनी आपलाच अनुभवी कर्मचारी पाठवते. परंतु नुकताच पदवीधर झालेला, कोणतेही विशेष प्रमाणपत्र नसलेला मुलगा ‘तातडीने हवा’ असेल, तर घरच्यांनी सावध व्हावे. केनियाच्या कायद्यानुसार परदेशी माणसास नोकरी देताना मालकाने ‘क्लास डी’ परवाना घ्यावा लागतो, हे कौशल्य स्थानिक पातळीवर का मिळाले नाही ते दाखवावे लागते आणि परदेशी कर्मचाऱ्याच्या हाताखाली एखादा केनियन तयार होईल अशी अपेक्षा असते. म्हणजे आपली जागा पुढे ज्याला द्यायची त्यालाच शिकवणे, हा या नोकरीचाच एक भाग आहे. शिकवण्यात हात आखडता घेणारा तिथे मान मिळवत नाही.

परवाना हाती येण्यापूर्वी विमानात बसू नये, हा या साऱ्या विषयातील सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. जानेवारी २०२४ पासून केनियाने पूर्वीचा व्हिसा रद्द करून ऑनलाइन प्रवास-अनुमती सुरू केली. ती काही दिवसांत मिळते, म्हणून दलाल सांगतात, “आधी या, परवाना मागाहून करू.” ही अनुमती फिरायला किंवा भेटीला येणाऱ्यासाठी असते, तिच्यावर नोकरी करणे बेकायदेशीर आहे. अशा रीतीने गेलेला मुलगा पहिल्या दिवसापासून मालकाच्या मर्जीवर राहतो. पगार थकला तरी तक्रार करण्याची सोय त्याला उरत नाही.

दलालांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. भारतातून परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या संस्थेकडे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार नोंदणी असावी लागते आणि ती यादी सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येते. नोंदणीकृत संस्थेने उमेदवाराकडून घ्यावयाच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी इतकी आहे. तीन-चार लाख मागणारा माणूस नियमाबाहेर वागतो आहे, एवढे त्यावरून निश्चित समजते. २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने आयटी शिकलेल्या तरुणांसाठी इशारा प्रसिद्ध केला होता. थायलंडमधील नोकरीचे आमिष दाखवून मुलांना म्यानमारमध्ये नेले जात होते आणि त्यांच्याकडून सायबर फसवणुकीची कामे करवून घेतली जात होती. तो प्रकार आफ्रिकेतला नव्हता. परंतु आमिष हेच होते, पदही जवळपास हेच होते. शेत गहाण टाकून किंवा पतसंस्थेचे कर्ज काढून दलालाचे घर भरण्यापूर्वी जिल्ह्यातील प्रत्येक पालकाने हे ध्यानी ठेवावे.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे. प्रस्तावपत्रात ‘मासिक १,५०,००० शिलिंग’ असे लिहिलेले असते आणि दीड लाख हा आकडा डोळ्यांत भरतो. अलीकडच्या दरांनुसार एका रुपयाला साधारण दीड शिलिंग मिळतात, म्हणजे ही रक्कम सुमारे एक लाख रुपयांची झाली. तिथला प्राप्तिकर महिन्याच्या उत्पन्नावर टप्प्याटप्प्याने बसतो. पहिल्या २४,००० शिलिंगांवर १० टक्के, पुढच्या ८,३३३ वर २५ टक्के आणि त्यावरील रकमेवर ३० टक्के. शिवाय आरोग्य निधीस पावणेतीन टक्के, गृहनिर्माण निधीस दीड टक्का आणि निवृत्ती निधी असतो. सर्व वजा जाता हातात सुमारे १,०५,००० शिलिंग येतात. त्यातील निम्मे भाडे, जेवण आणि प्रवास यांत गेले असे धरले, तर घरी पाठवण्याजोगे सुमारे ३५,००० रुपये उरतात. हा आकडा वाईट नाही. पण तो दीड लाख नव्हे. मालक राहण्याची सोय व परतीचे तिकीट देत असेल तर हिशेब बदलतो, म्हणून ते पत्रात लिहून घ्यावे. शिलिंगचा भावही स्थिर नसतो. जानेवारी २०२४ मध्ये एका डॉलरला सुमारे १६० शिलिंग पडत होते, काही महिन्यांतच तो १३० च्या आसपास आला. पगार कोणत्या चलनात ठरला आहे, ही बाब किरकोळ नाही.

इकडच्या खात्यांचीही व्यवस्था करावी लागते. नोकरीसाठी परदेशी गेलेल्या मुलाने आपले साधे बचत खाते तसेच चालू ठेवू नये. बँकेस कळवून ते ‘एनआरओ’ करून घ्यावे आणि परदेशी कमाईसाठी ‘एनआरई’ खाते उघडावे. भारत आणि केनिया यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे. बँक ऑफ बडोदा आणि बँक ऑफ इंडिया या दोन्ही भारतीय बँका १९५३ पासून केनियात कार्यरत आहेत. असे असताना पैसे कोणा ओळखीच्या व्यापाऱ्याच्या हाती देऊन घरी पोहोचवण्याची जुनी रीत अवलंबण्याचे कारण उरत नाही. ती सोयीची वाटली तरी कायद्यात बसत नाही.

आईच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे आहे. केनियातील सामान्य माणसाचे रोजचे जेवण म्हणजे ‘उगाली’ आणि ‘सुकुमा विकी’. उगाली हा मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा आणि सुकुमा विकी ही हिरवी पालेभाजी. तिच्या नावाचा अर्थ ‘आठवडा ढकला’. पगार संपत आला की हिच्यावर दिवस काढायचे. भाजी कांद्याविना करून मागता येते. चपाती आणि चहा तर नावासकट तिथे रुजले आहेत. कंदमुळे वर्ज्य असणाऱ्यास बाहेर बटाट्यापासून जपावे लागेल, पण पार्कलँड्समध्ये शाकाहारी भोजन आणि भारतीय किराणा दोन्ही मिळतात.

चौविहार पाळणाऱ्यास मात्र नैरोबीचा सूर्य एक सवलत देतो. बुलढाण्यात हिवाळा आणि उन्हाळा यांतील सूर्यास्ताच्या वेळेत सव्वा तासाहून अधिक अंतर पडते. विषुववृत्ताजवळच्या नैरोबीत वर्षभर सूर्य सव्वासहा ते पावणेसात या अर्ध्या तासातच मावळतो. एकदा कार्यालयात पाच-साडेपाचला डबा उघडण्याची सवय लावली की ती बारा महिने चालते. चातुर्मास तिथे पावसाचा नसतो; मोठा पाऊस मार्च ते मे आणि छोटा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असा पडतो, तर आषाढ-श्रावणातील दिवस कोरडे आणि थंड असतात. पायी विहार करणारे साधू-साध्वी समुद्र ओलांडून येत नाहीत. आचार्य तुलसी यांनी १९८० मध्ये सुरू केलेल्या समणी श्रेणीस वाहनप्रवासाची अनुज्ञा असल्याने समणीजी परदेशी जाऊ शकतात. एरवी स्वाध्यायी श्रावकच आराधना करवतात. ज्या मुलाला पाठशाळेत शिकलेले प्रतिक्रमण येते, त्याचा तिथे उपयोग होईल.

सुटीच्या दिवशी तो दक्षिणेकडे मगाडी सरोवरापर्यंत गेला, तर त्याला लोणारची आठवण होईल. लोणारचे विवर उल्कापाताने झाले आणि मगाडी खचदरीच्या पोटात तयार झाले. जन्म वेगळा, पण दोन्हींचे पाणी खारे आणि क्षारयुक्त. मगाडीच्या काठी सोडा काढला जातो आणि तो उद्योग आज टाटा समूहाच्या एका कंपनीकडे आहे.

या चित्राला काळी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य नाही. शेजारच्या युगांडातून १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडण्यास लावले. दोन-दोन पिढ्यांचे घरदार मागे टाकून माणसे हातातल्या पिशव्यांनिशी निघाली. नैरोबीत सप्टेंबर २०१३ मध्ये वेस्टगेट मॉलवर दहशतवादी हल्ला झाला. मृतांत भारतीयही होते. जून २०२४ मध्ये करवाढीविरुद्ध तिथले तरुण रस्त्यावर उतरले आणि आंदोलनात जीवितहानी झाली. रस्त्यावरील चोऱ्या ही रोजची काळजी आहे. अंधार पडल्यावर पायी फिरण्याचे टाळतात. भारतीय उच्चायुक्तालयात पोहोचताच नाव नोंदवणे आणि पारपत्र स्वतःजवळ ठेवणे, ते मालकाच्या तिजोरीत न देणे, ही किमान दक्षता आहे. निघण्यापूर्वी मान्यताप्राप्त केंद्रात पीतज्वराची लस घ्यावी लागते. तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य होते आणि ते नसेल तर भारतात परतताना विलगीकरणात राहावे लागू शकते.

इतके सारे पाहिल्यावर जावे की न जावे? श्रावकाच्या बारा व्रतांत याचे एक उत्तर आहे. पाच अणुव्रतांनंतर पहिले गुणव्रत येते ते दिग्व्रत. श्रावकाने दहा दिशांत आपल्या येण्याजाण्याची मर्यादा ठरवावी, असे ते सांगते. व्रत जाण्यास मनाई करत नाही. किती दूर जायचे हे निघण्यापूर्वी, मन शांत असताना ठरवावे, लोभाने पाऊल पुढे पडू लागल्यावर नव्हे, एवढाच त्याचा आग्रह आहे. हालारच्या गलबतांतून गेलेल्यांपैकी बहुतेकांनी दोन-चार वर्षांत परतायचे म्हणून गाव सोडले आणि त्यांची नातवंडे नैरोबीत म्हातारी झाली. त्यांचे कल्याण झाले, यात शंका नाही. परंतु गावी वाट पाहत बसलेल्या आईवडिलांचा हिशेब कोणत्याच वहीत लिहिला गेला नाही.

म्हणून प्रस्ताव स्वीकारायचा असेल तर मर्यादा आधी आखावी. काळाची मर्यादा, म्हणजे पहिला परवाना संपेपर्यंतच, मुदतवाढीचा निर्णय घरी येऊन. धनाची मर्यादा, म्हणजे जाण्यासाठी कर्ज नाही आणि सहा महिन्यांचा खर्च व परतीचे तिकीट घराच्या खात्यात वेगळे ठेवलेले. आचाराची मर्यादा, म्हणजे कंपनीने खोट्या नोंदी करण्यास किंवा दुसऱ्याच्या खात्यात डोकावण्यास सांगितले, तर त्या दिवशी नोकरी संपली. संगणकाच्या किल्ल्या ज्याच्या हाती असतात त्याच्यावर हा प्रसंग येतो. आणि अस्तेय व्रताचा अर्थ सर्व्हरच्या खोलीतही तोच राहतो. चौथी मर्यादा घराची. मलकापूरहून मुंबईपर्यंत रेल्वेने सात-आठ तास लागतात आणि मुंबईहून नैरोबीला थेट विमानाने सुमारे सहा. अंतर सबब म्हणून चालणार नाही. वर्षातून एकदा, पर्युषणात किंवा दिवाळीत, मुलाने घरी यायचे.

वरील प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, परवाना खरा असेल आणि या चार मर्यादा मुलाला मनापासून मान्य असतील, तर पालकांनी त्याला अडवू नये. मारवाडातून निघालेल्या पणजोबांना कोणी अडवले असते, तर आज खामगावच्या बाजारात त्यांची पेढी नसती. एकही उत्तर संशयास्पद असेल, तर पुण्यातील कमी पगाराची नोकरी किंवा जिल्ह्यातीलच एखाद्या पतसंस्थेतील संगणक विभाग यात कमीपणा नाही. तिथेही यंत्रे बंद पडतात आणि ती चालू करणारा माणूस लागतो. निर्णय कोणताही होवो, ठरलेल्या मर्यादा आणि त्यांचा पुनर्विचार करण्याची तारीख एका कागदावर लिहाव्यात, त्यावर मुलाने आणि आईवडिलांनी सह्या कराव्यात. एक प्रत पारपत्राच्या पाकिटात ठेवावी आणि दुसरी घरच्या कपाटात, ठेवपावत्यांच्या शेजारी.